फोन कोणाच्या खिशात असतो?

मार्च २०२० च्या शेवटी इथे इंग्लंडमध्ये एक निर्णय झाला. गर्भ दहा आठवड्यांपर्यंतचा असेल आणि नको असेल, तर बाईने फोनवर डॉक्टर किंवा नर्सशी बोलायचं. गर्भपाताच्या दोन्ही गोळ्या टपालाने घरपोच. महामारीपुरती केलेली ही सोय ऑगस्ट २०२२ मध्ये कायमची झाली. फार चांगलं झालं.

त्याच दिवसांत यवतमाळकडच्या आमच्या गावी शेजारच्या वहिनी अडकल्या होत्या. दोन लेकरं झालेली, उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की ऑपरेशन करून घ्यायचं ठरलेलं. टाळेबंदी लागली आणि नसबंदीची शिबिरं थांबली, तांबी बसवणंही थांबलं. माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आशाताई आणून द्यायच्या, पण त्या आता घरोघरी तापाचा सर्व्हे करत फिरत होत्या. मे महिन्यात वहिनींची पाळी चुकली.

१९७१ पासून आपल्याकडे गर्भपाताचा कायदा आहे. सज्ञान बाईला नवऱ्याची सहीसुद्धा लागत नाही, हे गावात किती जणींना माहीत असतं? वहिनींना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "दवाखाना चालू हाय म्हन्तेत, पन जाव कशानं?" एसटी गावापर्यंत येत नव्हती, ऑटोवाला तालुक्याला जायला तयार नव्हता. आणि हे बोलणंसुद्धा भाऊजी वावरात गेल्यावर, माझ्या आईच्या फोनवरून. "यायचा फोन यायच्याच खिशात रायते. देतेत, पन बाजूलेच उभे रायतेत."

म्हणून इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे न्या, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे बाईशी एकटीने बोलू शकते ती आशाताई. चुलीजवळ बसून, हळू आवाजात. तिलाच आपण पगाराऐवजी नुसत्या मोबदल्यावर राबवतो. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रभर आशांना संप करावा लागला, तो काही हौसेने नव्हे. पुन्हा साथ आली तर तिच्या पिशवीत गर्भनिरोधक गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा हवा, उपकेंद्रात 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन हवं, आणि बाळंतिणीसाठी १०२ ची गाडी येते तशी गर्भपातासाठी जाणाऱ्या बाईलाही गाडी हवी, कारण न विचारता.

वहिनींना तिसरं लेकरू झालं. त्याच्यावर त्यांचा जीव आहे. पण त्याच्या वेळचे ते नऊ महिने त्यांनी कसे काढले, ते त्या अजून कोणाला सांगत नाहीत.

तुमच्या उपकेंद्रात सध्या 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी आणि अंतरा मिळतं का? विचारून मला नक्की कळवा.