पावसाची वही

21 सप्टेंबर 1995. पितृपंधरवडा चालू होता आणि गणपती दूध पितो ही बातमी दुपारपर्यंत आपल्या गावात पोचली. मी आठवीत. शाळा सुटली तशी आम्ही पोरं वाटी-चमचा घेऊन देवळापुढच्या रांगेत. माझ्याही चमच्यातलं दूध गेलं. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला होता.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे सर स्वतःच्या देवघरातला पितळी गणपती घेऊनच वर्गात आले. सर माळकरी, एकादशी कडक. मूर्ती टेबलावर ठेवून त्यांनी नमस्कार केला, दुधात जिलबीचा रंग कालवला आणि चमचा सोंडेला टेकवला. दूध कमी होत गेलं, आणि सोंडेवरून, पोटावरून बारीक केशरी ओघळ खाली ताटलीत उतरला. पृष्ठताणामुळे दूध सोंडेकडे ओढलं जातं, मग ओल्या अंगावरून पातळ थरानं घसरतं; पांढरं असलं की दिसत नाही, एवढंच. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग सर, नमस्कार कशाला केलात?"

"दूध पितो म्हणून नव्हता केला," सर म्हणाले आणि मूर्ती धुवायला नळावर गेले.

हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पुरतं पटत नाही. मी देव मानत नाही. कॉलेजात असताना सरांशी वादही घातला. ते नुसते हसले.

पण नववीतली एक गोष्ट मनातून जात नाही. मैदानातल्या पर्जन्यमापकाची नोंद सर रोज सकाळी साडेआठला स्वतः घ्यायचे. आषाढीला चार दिवस रजा काढून वारीत चालायला निघाले, तेव्हा वही माझ्याकडे दिली. तिसऱ्या दिवशी मी झोपून राहिलो. रात्री पाऊस झाला होता खरा; अंदाजानं 12 मिलिमीटर लिहून टाकले.

सर परतले ते थेट शाळेत. पाय सुजलेले, हातात प्रसादाची पुडी. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "आधी वही." बोट नेमकं त्या आकड्यावर थांबलं. मी कबूल केलं. सर रागावले नाहीत. आकडा खोडायला लावला आणि पुढे माझ्याच अक्षरात 'नोंद घेतली नाही' असं लिहून घेतलं.

मग पुडी सोडून चुरमुरे-बत्तासे माझ्या ओंजळीत घातले.