गोळ्या घेतो म्हणणारा माणूस

औषध लागू पडेना, की पेशंट गोळ्या चुकवतोय असं आम्ही मनोविकारतज्ज्ञ फार लवकर ठरवून टाकतो. पुष्कळदा ते खरंही निघतं, म्हणून तर सवय सुटत नाही.

2001च्या हिवाळ्यात मी टोरांटोत संशोधनासाठी होतो. पीईटी स्कॅनला (शिरेत किंचित किरणोत्सारी रसायन सोडून मेंदूत ते कुठे जातं याचं चित्र काढायला) आलेल्या चाळिशीतल्या एका गृहस्थांच्या कागदांवर हाच शेरा होता. स्किझोफ्रेनिया, त्यावरचं औषध हॅलोपेरिडॉल रोज 10 मिलिग्रॅम, कानात आवाज चालूच. ‘गोळ्या नियमित घेत नसावेत, डोस 20 करावा.’ सोबत आई होती. ‘मी समोर उभी राहून देते हो,’ ती प्रत्येकाला सांगत होती, अगदी रिसेप्शनवरच्या मुलीलासुद्धा.

संमतिपत्रावर त्यांनी सही केली. पहिलं अक्षर नीट, दुसरं जरा लहान, आणि आडनावापर्यंत पोचताना अक्षरं इतकी बारीक की भिंग लावावं लागलं असतं. चालताना उजवा हात हलत नव्हता. हे पार्किन्सनसारखं आखडणं औषधामुळेच येतं. शेरा लिहिणाऱ्याने सही बघितली नसावी.

स्कॅनमध्ये फार वेळ हाताशी नसतो. रॅक्लोप्राइड या रसायनाला जोडलेल्या किरणोत्सारी कार्बन-11चं अर्धायुष्य 20 मिनिटांचं, म्हणजे तेवढ्यात तो निम्मा उरतो, त्यामुळे रसायन विभागाचा फोन येण्याआधी पेशंट चेहऱ्यावर जाळीदार मास्क बसवून, शिरेत सुई घालून तयार लागतो. मास्कच्या आत आवाज जास्त येतात, असं ते म्हणाले. तरी तासभर हलले नाहीत.

रॅक्लोप्राइड मेंदूतल्या डोपामिन या निरोप्या रसायनाच्या डी2 रिसेप्टरना, म्हणजे ते जिथे बसतं त्या जागांना, जाऊन चिकटतं. हॅलोपेरिडॉलही त्याच जागा अडवतं. औषध न घेणाऱ्याच्या चित्रात स्ट्रायटम हा मेंदूच्या आतला भाग दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवलेल्या करंज्यांसारखं लखलखतं. औषधाने जागा आधीच अडवल्या असतील तर रॅक्लोप्राइडला थारा मिळत नाही आणि तो भाग मंद दिसतो. या गृहस्थांच्या पडद्यावर करंज्या जेमतेम ओळखू येत होत्या. ज्या सेरेबेलममध्ये, म्हणजे लहान मेंदूत, हे रिसेप्टर नगण्य, त्याच्याशी तुलना करून आणि औषध न घेणाऱ्या समवयस्कांच्या सरासरीशी ताडून औषधाने किती जागा अडवल्या याचा आकडा काढला, तो 85 टक्क्यांच्या आसपास आला.

आदल्याच वर्षी, 2000 साली, टोरांटोतल्याच शितिज कपूर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला होता. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या 22 जणांना हॅलोपेरिडॉलचे अगदी लहान डोस देऊन त्यांनी दाखवलं होतं, की 65 टक्के जागा भरल्या की गुण येण्याची शक्यता वाढते, 72च्या पुढे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि 78च्या पुढे हात-पाय आखडू लागतात. कित्येकांच्या बाबतीत एवढ्याला 2 मिलिग्रॅम पुरतं. आमचे गृहस्थ तिन्ही रेषा ओलांडून गेले होते. डोस दुप्पट केला असता तर वाढलं असतं ते फक्त आखडणं, कारण उरलेल्या जागाच मोजक्या होत्या.

स्कॅनच्या आदल्या रात्रीच गोळ्या खाल्ल्या असतील, असं एक सहकारी म्हणालाच. मी त्याच्यापुढे सही ठेवली. एका रात्रीच्या गोळ्यांनी अक्षर असं आखडत नाही. रक्तातली औषधाची पातळी कोणी आधी तपासली असती तर इतका खर्च न करताही निम्मं कळलं असतं, पण ती कोणी तपासलीच नव्हती.

म्हणजे औषध पोचत होतं, जागा अडवत होतं, आणि आवाज तरीही चालू होते. असे पेशंट असतात. स्टॉकहोममध्ये लार्स फार्डे यांच्या गटाने 1992 सालीच दाखवलं होतं, की क्लोझापिन हे दुसरं औषध डी2च्या 38 ते 63 टक्केच जागा अडवतं, आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्यांना तेच अनेकदा उपयोगी पडतं. हे कसं होतं, याचं उत्तर आमच्या करंज्यांत नव्हतं.

अभ्यासाच्या नियमांत बसत असल्यामुळे आकडा त्यांच्या डॉक्टरांना कळवता आला. डोस वाढवण्याचा बेत रद्द झाला, क्लोझापिनचा विषय निघाला. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्यामुळे सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायला द्यावं लागतं, हे मी आईला समजावून सांगितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता: ‘तो गोळ्या घेत होता, हे तुम्ही लिहून द्याल का?’

लेटरहेडवर लिहून दिलं.