नाइट ड्युटीनंतरचा नाश्ता, माटुंगा

मंगळवार. आजची शेवटची नाइट. वॉर्डात सकाळच्या पाळीतल्या नर्सना ओव्हर देऊन बाहेर पडायला साडेसात होऊन गेले, कारण पहाटे लागोपाठ दोन ॲडमिशन आल्या आणि त्यांचे कागद मीच पूर्ण केले, सकाळच्या मुलींवर टाकून निघायला मला आवडत नाही. रात्रभर पाणीसुद्धा धड प्यायले नव्हते. अशा वेळी खरं तर सायन स्टेशन गाठायचं, घरी जायचं आणि पडदे ओढून झोपायचं, घरचे तेच सांगतात, पण नाइटचा आठवडा संपला की मी उलट्या दिशेला वळते आणि गांधी मार्केटवरून, किंग्ज सर्कल स्टेशनच्या पुलाखालून चालत माटुंग्याला नाश्त्याला जाते. हे माझं ठरलेलं आहे आणि ते मी कुणासाठी बदलत नाही.

कॅफे मद्रास. १९४० पासूनची जागा, कामत कुटुंबाची, महेश्वरी उद्यानाच्या समोरच्या बाजूला. रविवारी तिथे बाहेर एवढी गर्दी असते की नाव लिहून फुटपाथवर उभं राहायचं आणि पुकारा झाला की आत जायचं, त्यात अर्धी मंडळी ठाण्या-बोरिवलीहून सकुटुंब आलेली. सोमवारी बंद. म्हणून मला मंगळवार-बुधवार सकाळ आवडते. आज दारातल्या माणसाने विचारलं किती जण, मी म्हटलं एकटी, त्याने मागे वळून न बघता एका खुर्चीकडे बोट दाखवलं. बस, संपलं. समोर एक आजोबा पेपर वाचत उपमा खात होते, बाजूला ऑफिसची बॅग मांडीवर घेतलेला एक मुलगा. आजोबांनी पेपर अर्धा दुमडून माझ्या ताटापुरती जागा केली, बोलले काही नाहीत, मीही नाही.

रसम वडा घेतला. वडा रसमात बुडालेला, वरून मऊ झालेला पण आतून अजून धरून असलेला, आणि ते मिरीचं आंबट-तिखट गरम रसम घशातून उतरलं की रात्रभर एसी आणि मास्कमध्ये सुकलेला घसा मोकळा होतो. मग पोडी लावलेली इडली, वर तूप. पोडी म्हणजे आपल्याकडे जिला गनपावडर म्हणतात ती, डाळी आणि लाल मिरच्या भाजून भरड वाटलेली. मला ती चटणीपेक्षा जास्त आवडते कारण तिने इडली ओली होत नाही, शेवटच्या घासापर्यंत इडलीच लागते. नाचणी डोसा पुढच्या वेळी.

मला बरेच दिवस हे लिहायचं होतं की तिथे मला एवढं बरं का वाटतं. चव आहेच, पण चव पार्सलमध्येही येते. रात्रभर मला हाक असते. सिस्टर सलाईन संपलं, सिस्टर बघा ना हे कण्हतायत, सिस्टर डॉक्टर कधी येणार. ते माझं काम आहे आणि मला ते प्रिय आहे, पण सकाळी सात वाजता अंगात फक्त एकच इच्छा उरते, की माणसांत बसावं आणि कुणालाही माझ्याकडून काही नको असावं. घरी ते होत नाही, घरी गेल्या गेल्या दुधाचं, डब्याचं, आईच्या गोळ्यांचं सुरू होतं. एकटं खोलीत बसणं म्हणजे पण ते नव्हे, तिथे रात्रीचे चेहरे समोर येतात. माटुंग्याच्या त्या टेबलावर तिघं अनोळखी माणसं कोपराला कोपर लावून खातायत आणि कुणी कुणाला काही मागत नाहीये. फार तर चटणीची वाटी इकडे सरकवा एवढंच.

आणि एकटी बाई म्हणून कुणी वळून बघत नाही. एका नव्या चकाचक कॅफेत गेले होते मध्ये, तिथे मला दोघांच्या टेबलावर बसवलं आणि समोरची प्लेट उचलून नेली, मग तासभर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत खाल्लं. माझ्या मते ही जुनी हॉटेलं मुळात एकट्या माणसासाठीच उभी राहिली म्हणून हा फरक आहे. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे शहर सुधारायला नेमलेल्या मंडळाने, शहराची दाटी फोडायला दादर-माटुंगा भाग आखून वसवला आणि पुढच्या काही दशकांत दक्षिणेकडून टायपिंग-शॉर्टहँड शिकून आलेली, कचेऱ्यांत आणि रेल्वेत नोकरीला लागलेली मंडळी इथे राहायला आली. कितीतरी जण बिनलग्नाचे नाहीतर कुटुंब गावी ठेवून आलेले. त्यांना आपल्या चवीचं, सोवळ्याओवळ्याला चालेल असं आणि पगारात बसेल असं दोन वेळचं जेवण हवं होतं. ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंगा स्टेशनजवळ उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं ते अशाच लोकांसाठी, आणि ते अजून चालू आहे, केळीच्या पानावर वाढतात. तिथेही मिळेल त्या खुर्चीवर बसायचं. जेवायला सोबत कोण आहे हा प्रश्नच त्या जागांनी कधी विचारला नाही कारण येणाऱ्या बहुतेकांना सोबत नव्हतीच. एवढ्या वर्षांनी मी तिथे युनिफॉर्म पिशवीत कोंबून बसते तेव्हा त्या सोयीचा मला फायदा होतो, ते कारकून आता कुणाला ठाऊक नाहीत, पण मला त्यांच्याबद्दल मनापासून आपुलकी वाटते.

शेवटी कॉफी. झोपायच्या आधी कॉफी कशाला असं डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळे म्हणतात, मी घेते. स्टीलचा पेला आणि खाली खोलगट वाटीसारखा डवरा, एकातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओतायची की प्यायजोगी होते आणि फेस येतो. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, फिल्टरमधून थेंब थेंब उतरायला वेळ लागतो, चिकोरी, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड, घातली की पावडर पाणी धरून ठेवते आणि डिकॉक्शन अजून सावकाश आणि दाट उतरतं, म्हणून तर एवढं दूध घालूनही कॉफीची चव मरत नाही. म्हणजे माझ्यासमोर दोन मिनिटांत येणारी कॉफी कुणीतरी त्याच्या खूप आधी चढवून ठेवलेली असते. पीठही तसंच, आदल्या दिवशी वाटून रात्रभर आंबलेलं. मी वॉर्डात जागी होते तेव्हा इथलं पीठ फुगत होतं, ही गोष्ट मला फार आवडते, का ते नीट सांगता येणार नाही. रात्री काम करणाऱ्या माणसाला हे कळेल.

आजोबा माझ्या आधी उठले, पेपर माझ्याकडे सरकवून गेले. मुलाची कॉफी माझ्या आधी आली होती म्हणून त्याने आधी माझ्यापुढे ठेवायला सांगितलं, बहुतेक माझा चेहरा बघून. बिल दिलं, बाहेर येऊन फुलांच्या गल्लीतून आईसाठी अबोलीचा गजरा घेतला आणि एका जुन्या दुकानातून पाव किलो कॉफी पावडर दळून घेतली, चिकोरी वीस टक्के, गरम पुडी पिशवीत ठेवली तर लोकलच्या सगळ्या डब्याला वास.

आमच्या वॉर्डात हिंगोलीकडची एक नवीन मुलगी लागलीये, हॉस्टेलला राहते. परवा म्हणाली, सिस्टर, नाइट झाली की मी बिस्किटं खाऊन झोपते, हॉटेलात एकटी कशी जाऊ. मी तिला कागदावर रस्ता काढून दिला, रविवारी जाऊ नको, सोमवारी बंद असतं, आठच्या आत पोच, दारात विचारलं की एकटी आहे एवढंच सांग आणि दाखवतील तिथे बस. ती म्हणाली तुम्ही या ना सोबत. पहिल्यांदा हो म्हणणार होते. मग म्हटलं, पुढच्या वेळी येईन, आधी तू एकटी जाऊन ये.