तो चकाचक ट्रेलर सोडून हा डबडा का घेतला? तुम्ही विचारलंत म्हणून

आता लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की तोंड न उघडता हेच पुढे पाठवता येईल. आम्ही जुना कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, तेव्हापासून प्रश्न एकच असतो, विचारणारं माणूस तेवढं बदलतं. "अगं तो पहिला किती छान होता, फोटो पाठवले होतेस तू, तो सोडून हा कसला घेतलास?" काहीजण वर हेही जोडतात की जुनाच घ्यायचा होता तर डीलरकडून तरी घ्यायचास, उद्या काही झालं तर निदान कुणाची तरी कॉलर धरता येते. आणि हे बोलताना बघतात नवऱ्याकडे, म्हणजे काय तर असले निर्णय तोच घेत असणार. नाही हो. हा घेण्याचा निर्णय माझा आणि तो सोडण्याचाही माझाच. ट्रेलरखाली टॉर्च घेऊन मी आडवी होते, तो वर उभा राहून मालकाशी हवापाण्याच्या गप्पा मारतो, आमची वाटणी अशी आहे.

डीलरचं आधी उरकून घेते. जुना ट्रेलर डीलरकडेही बहुतेक वेळा 'जसा आहे तसा'च मिळतो, त्यामुळे ती कॉलर वगैरे विसरा. आणि डीलरकडे तो कुणीतरी नव्याच्या बदल्यात टाकून गेलेला असतो, त्याचा इतिहास तिथे कुणालाच माहीत नसतो. घरगुती मालकाला विचारलं की गोठून पाईप फुटू नयेत म्हणून थंडीच्या आधी त्यातलं पाणी काढायचात का, तर तो फार तर खोटं बोलेल, आणि खोटं बोलणारा माणूस थोडाफार कळतो. डीलरचा माणूस हसून अगदी खरं सांगतो, "कल्पना नाही बुवा." मला त्या खऱ्याचा काय उपयोग?

म्हणून मी सगळ्यांना सांगत आले की खासगी मालकाकडूनच घ्या, ट्रेलर बघा आणि माणूस बघा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

ट्रेलर बघायचा म्हणजे पाणी कुठून आत आलंय ते शोधायचं, बाकी सगळं नंतर. इंजिन नाही, गिअर नाही, बिघडायला आहे काय असं वाटतं, पण भिंती म्हणजे बरेचदा पातळ प्लायवूड आणि फोमवर चिकटवलेली फायबरग्लासची शीट असते, छताच्या सांध्याला एवढीशी चीर गेली की पाणी आत उतरतं, गोंद सुटतो आणि बाहेरच्या बाजूला फुगा येतो. समोरून तो दिसत नाही. कोपऱ्यात उभं राहून भिंतीच्या कडेने तिरपं बघायचं, उन्हात लगेच कळतं. मग आत जाऊन गादी उचलायची, वरच्या कपाटांचे आतले कोपरे अंगठ्याने दाबायचे, फ्लोअरवर टाच रोवून चालायचं. सुगंधी फवारा मारलेला असेल तर मी नाक आणखी आत घालते. टायरची नक्षी बघून भुलू नका, ट्रेलर वर्षभर उभाच असतो, त्याचा टायर झिजून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो. कडेला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारा फ्रिज असेल तर मालकाला आदल्या दिवशीच चालू करायला सांगा, त्याला गार व्हायला तास न् तास लागतात, तिथे जाऊन बटण दाबून काही कळत नाही.

तर तो पहिला ट्रेलर. तुम्ही फोटोत पाहिलात तो फोटोपेक्षाही चांगला होता, हे आज पहिल्यांदाच कबूल करते. एक तरुण जोडपं, चार-पाच वर्षांची मुलगी. मी नेहमीसारखी सगळीकडे बोटं घालत फिरत होते आणि ती पोरगी स्वतःचा खेळण्यातला टॉर्च घेऊन माझ्या मागे मागे, मी जिथे उजेड टाकेन तिथेच ती पण टाकणार. कोपरे कोरडे. मीटर लावला, ओलावा कुठेच नाही. छतावर चढले तर सांधे दरवर्षी नीट भरलेले, थरावर थर दिसत होते. फ्रिज सांगितल्याप्रमाणे आदल्या दिवशीपासून चालू, आत बर्फ झालेला. त्या बाईने एक फाईल काढली, त्यात प्रत्येक पावती, बेअरिंगला ग्रीस केव्हा भरलं, ब्रेक केव्हा बघितले, सगळं तारखेनिशी. माणूस बघा म्हणतात ना, याहून चांगली माणसं मी तरी ट्रेलर विकताना बघितलेली नाहीत.

मग मी विचारलं, टायटल?

"बँकेकडे आहे," तो म्हणाला, "थोडंसंच राहिलंय."

इकडे अमेरिकेत बहुतेक राज्यांत कर्ज फिटेपर्यंत मालकीचा कागद बँकच ठेवून घेते, त्यामुळे यात लपवाछपवी काही नव्हती. पण जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा असतो ना, अगदी तसंच हे प्रकरण असतं, जमीन कुणीही घ्या, बोजा जमिनीबरोबर येतो. आपण पूर्ण पैसे मोजून ट्रेलर घरी आणला आणि मूळ मालकाने हप्ते थकवले तर बँक येऊन आपल्या दारातून ट्रेलर उचलून नेऊ शकते, आपण कुणाला किती दिले याच्याशी तिला देणंघेणं नसतं. याच्यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही, दोघांनी मिळून बँकेत जायचं, आपले पैसे थेट बँकेला, उरले तर मालकाला, बँक बोजा उतरवून कागद देते. मी तेच म्हटलं. तो लगेच हो म्हणाला. तिथेच फोन स्पीकरवर टाकून बँकेला बाकी विचारली.

पलीकडून जो आकडा आला तो ट्रेलरच्या किमतीपेक्षा जास्त होता.

हे असं सर्रास होतं. ट्रेलरची कर्जं दहा-पंधरा वर्षांची असतात, कधी वीसचीही, आणि ट्रेलरची किंमत पहिल्या काही वर्षांतच धाडकन खाली येते, त्यामुळे मधली कितीतरी वर्षं माणूस वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त देणं लागत असतो आणि विकायला काढेपर्यंत त्याला पत्ताच नसतो. त्या दोघांनाही नव्हता. म्हणजे मला तरी तसं वाटलं, कारण तो आकडा ऐकल्यावर बाई फाईल तिथेच टेबलावर ठेवून घरात निघून गेली.

वरचा फरक भरायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. नोकरी गेली होती म्हणून तर विकत होते. मग तो म्हणाला, पैसे तुम्ही आम्हाला द्या, आम्ही त्यातले बहुतेक लगेच बँकेत भरतो, उरलेल्याचे हप्ते चालू ठेवतो, फिटलं की कागद तुम्हाला पाठवतो, पाहिजे तर लिहून देतो. हे बोलताना तो माझ्याकडे बघतच नव्हता, नवऱ्याकडे बघत होता. आणि माझा नवरा मराठीत मला म्हणाला, "वरचे थोडे आपण घालूया का? थेट बँकेतच भरू. ट्रेलर चांगला आहे, माणसं चांगली आहेत."

मी मराठीतच म्हणाले, "त्यांचं कर्ज फेडायला आलोय का आपण? चल." जरा जोरातच म्हणाले.

भाषा त्यांना कळत नव्हती. सूर कळला. ती बाई तेवढ्यात पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आली होती, दारात थांबली, आणि विचारलं की सगळं ठीक आहे ना. मी हो म्हणाले आणि बाटली घेतली. घ्यायला नको होती की घ्यायला हवीच होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पोरगी ट्रेलरच्या आत टॉर्च लावत-विझवत होती.

परतीच्या वाटेवर नवरा काहीच बोलला नाही, आणि तो बोलत नाही तेव्हा मी दोघांच्या वाटचं बोलते. वरचे पैसे घातले असते तर बाजारभावापेक्षा जास्त देऊन जुना ट्रेलर घेतला असता, हे कुठलं शहाणपण. कागद नंतर पाठवतो म्हणणारा माणूस आज चांगला आहे, पण नोकरी नसलेला चांगला माणूस सहा महिन्यांनी हप्ता भरेल की घरभाडं? मी असते तर भाडं भरलं असतं. मग? हिशोबात एकही चूक नव्हती, आजही नाही.

पण मग माझीच ती जुनी मी मला विचारते, माणूस बघा असं तूच सांगत फिरायचीस ना, मग बघितलास की माणूस, चांगला निघाला की, पुढे? तिला माझं उत्तर असं की माणूस बघायचा तो ट्रेलर कसा वापरलाय ते कळायला, त्याच्या भरवशावर व्यवहार करायला नव्हे. ती म्हणते हे तू आत्ता बनवलंस. असेल. ती असंही म्हणते की ती बाई खडूस असती, फाईल नसती, पोरगी नसती, तर तुला हा प्रश्न पडलाच नसता, म्हणजे चांगुलपणाचा त्यांना फायदा तर झाला नाहीच, वर तो तुलाच नडला. यावर मला काही सुचत नाही.

थोड्याच दिवसांत ती जाहिरात गेली. नवरा म्हणाला, "बघ, कुणीतरी ठेवला विश्वास." मी म्हणाले बँकेनेही नेला असेल. दोघांनाही माहीत नाही आणि फोन करून विचारायचं धाडस दोघांनाही नाही.

आणि मग हा, तुमच्या भाषेत डबडा. याचा मालक आमच्याशी मोजून मापून बोलला. चहापाणी सोडा, बसासुद्धा म्हणाला नाही. पट्ट्यांचे रंग उडालेले, एका खिडकीखाली डाग, दाराजवळ फ्लोअर दबतं. पण डाग त्यानेच दाखवला, मी शोधायच्या आधी, "इथून गळायचा, भरलाय, परत बघत राहा" एवढंच बोलून पुढे गेला. टायर जुने होते, त्यानेच सांगितलं की यावर लांब नेऊ नका, म्हणून ते तिथेच बदलून मग ओढून आणला. आणि टायटल खिशात. त्याच्याच नावावर, बोजा नाही, कागदावरचा ट्रेलरचा सतरा अंक-अक्षरांचा ओळख नंबर मी ट्रेलरच्या स्टिकरवर आणि पुढच्या लोखंडावर दोन्हीकडे बोट ठेवून ठेवून जुळवला, 1981 पासून तो सतराचाच असतो, एक जरी कमी-जास्त निघाला तरी तिथून उठायचं. तो शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता. सही केली, नंबरप्लेट काढून घेतली, निरोपाचं काही बोलला नाही. आम्हीही नाही.

तर असं आहे. ओलावा असलेला घेतला आणि कोरडा सोडला. मी जे सगळ्यांना शिकवत होते त्याच्या बरोब्बर उलट. दिसणारा दोष मला दुरुस्त करता येतो, दुसऱ्याच्या बँकखात्यातला येत नाही, असं मी दिवसा सांगते आणि ते खरंच आहे. डीलरकडे असं झालं नसतं, हेही मला माहीत आहे, तिथे बोजा उतरवण्याचं आणि कागदाचं तेच बघतात, तेव्हा ज्यांनी डीलरचं सुचवलं त्यांचा हा मुद्दा मला मान्य, बाकीचे नाहीत. आणि त्या जोडप्याचं पुढे काय झालं असं कृपा करून मला विचारू नका.

नवऱ्याला विचाराल तर तो सांगेल की वरचे पैसे घालायला हवे होते. त्याला अजून तसंच वाटतं, मला अजून नाही वाटत, आणि या विषयावर आमचं घरात बोलणं बंद आहे. बघायला मात्र कधीही या, फक्त पायरी चढल्यावर पाऊल उजवीकडे टाका, डावीकडे दबतं ते अजून केलेलं नाही.