रिकिबीत पाय ठेवताना

इंदूरच्या बायपासपलीकडे, रालामंडलच्या बाजूला असलेल्या एका अश्वशाळेत मी पन्नाशी ओलांडल्यावर घोडेस्वारी पुन्हा सुरू केली. ज्या शांत, वयस्क घोड्यावर मी बसत असे तो थकला, तेव्हा चार वर्षांची एक मारवाडी घोडी माझ्याकडे सोपवण्यात आली. तिचे नाव रेवा. मारवाडी जातीचे कान आत वळलेले असतात आणि टोकाशी एकमेकांना टेकतात. त्या कानांच्या प्रेमात मी पहिल्याच भेटीत पडले, आणि पुढे भीतीतून वाट काढताना त्याच कानांनी मला सर्वांत जास्त मदत केली.

पावसाळ्यात एकदा वाऱ्याने ताडपत्री फडफडली आणि रेवा एका क्षणात बाजूला सरकली. मी पडले नाही. मानेच्या पट्ट्याला धरून सावरले. तरीही त्यानंतर रिकिबीत पाय ठेवला की माझ्या पोटात गोळा येई, हात थरथरत आणि घोडीवर बसून झाल्यावरही श्वास वरच अडकलेला राही. घरच्यांनी, मैत्रिणींनी धीर दिला. पण ‘काही होत नाही’ या वाक्याचा मला कधीच उपयोग झाला नाही, कारण काही होऊ शकते हे मला ठाऊक होते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता घटते, मनगटाचे किंवा खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो, आणि विशीत आठवड्याभरात भरून येणारी दुखापत साठीच्या जवळ महिनोन्‌महिने रेंगाळते. म्हणून माझी भीती खोटी ठरवण्याचा नाद मी सोडला आणि तिच्याकडून रोजच्या कामाची मर्यादा ठरवून घ्यायचे ठरवले.

माझ्या प्रशिक्षकांनी लष्करातील घोडदळात उमेदीची वर्षे काढली आहेत. आम्ही सर्व त्यांना रिसालदारसाहेब म्हणतो. त्यांनी मला प्रथम खोगिरावरून उतरवून जमिनीवर आणले. खरारा करणे, खूर साफ करणे, दोरीने चालवणे, थांबवणे, मागे सरकवणे आणि लांब दोरीवर वर्तुळात फिरवणे एवढेच काम बराच काळ चालले. या काळात तिच्यावर अश्वशाळेतील एक तरुण, अनुभवी स्वार नियमित बसत असे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नवख्या घोड्याला शिकवण्याचा सगळा भार उतारवयातील स्वाराने एकट्याने उचलू नये, असे माझे ठाम मत आहे.

जमिनीवर उभे राहून मला रेवा समजू लागली. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग मात्र दिसत नाही. शिवाय एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू परतताना दुसऱ्या बाजूने दिसली की ती त्याला नवीन वाटू शकते. तिचे शरीरही अजून वाढत होते. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ साधारणपणे पाच-साडेपाच वर्षांनंतरच पूर्ण होते. पाठीवर माणूस घेऊन तोल सांभाळणे हाच तिच्यासाठी नवा धडा होता. तिचे बाजूला सरकणे हा हट्ट नव्हता हे एकदा पटले, तेव्हा माझ्या मनातला तिच्याविषयीचा राग ओसरला, आणि राग ओसरल्यावर भीतीही पुष्कळ सौम्य झाली.

ताडपत्रीशी तिची ओळख आम्ही सावकाश करून दिली. प्रथम घडी घालून लांब ठेवली, मग थोडी उलगडली, मग तिला हवे तेव्हा हुंगू दिले, आणि हेच सारे दुसऱ्या बाजूने पुन्हा केले. तिने मान खाली सोडून जोरात फुरफुरले, म्हणजे ती सैलावली, की त्या दिवसाचे काम तिथेच संपवायचे.

माझ्या स्वतःच्या शरीराचे काय होते, हे समजायला मात्र अधिक वेळ लागला. २००९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी वाचला होता. स्वारांना आणि घोडे हाताने चालवणाऱ्यांना सांगण्यात आले की पुढच्या फेरीत तुमच्या जवळ छत्री उघडली जाणार आहे. छत्री उघडलीच नाही; तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. माझ्या बाबतीत त्याची प्रचीती रोज येत होती. भीती वाटली की माझे गुडघे आवळले जात, टाचा वर जात, शरीर पुढे झुके आणि लगाम ताणला जाई. पायांचा दाब म्हणजे पुढे चल आणि लगाम म्हणजे थांब, असे नुकते शिकलेल्या घोडीला मी दोन्ही आज्ञा एकाच वेळी देत होते. रिसालदारसाहेबांचे एकच वाक्य असे, “मॅडम, पहले साँस छोड़िए, फिर लगाम।” श्वास पूर्ण सोडला की बैठक आपोआप खाली रुते, आणि रेवाचा एक कान, म्हणजे तिचे लक्षही, माझ्याकडे वळे.

पुन्हा बसायला सुरुवात केली ती ओट्यावरून चढून, कारण त्याने तिच्या पाठीवर आणि माझ्या खुब्यावर कमी ताण येतो. एका बाजूचा लगाम हळूहळू घेऊन तिची मान वळवायची आणि मागचे पाय आडवे टाकायला लावून थांबवायचे, ही युक्ती मी उभ्या घोडीवर, मग चालीत आणि मग दुडकीत, हात विचार न करता चालेपर्यंत घोटली. भीती वाढू लागली की ती भीती हाताबाहेर जाण्याची वाट न पाहता चाल कमी करायची आणि गरज वाटली तर उतरायचे, असा आमचा करार होता. उतरून दोरीने चालवत काम पूर्ण केलेला दिवस मी चांगल्या दिवसांतच धरते. घरी मी हाडांच्या घनतेची तपासणी करून घेतली, एका पायावर उभे राहण्याचा आणि गादीवर लोळून पडण्याचा सराव केला, आणि डोक्याला मापाने घट्ट बसणारे नवे हेल्मेट घेतले.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करून घेण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळवले आणि त्या संघात आमच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. घोडेस्वारीत भारताला तब्बल ४१ वर्षांनी सुवर्ण मिळाले होते. तिचे नाव घेऊन अश्वशाळेत येणाऱ्या लहान मुली पाहिल्या की ऊर भरून येतो. माझे मन मात्र जपानच्या हिरोशी होकेत्सू यांच्याकडे जाते, जे १९६४ मध्ये तोक्योत खेळले आणि २०१२ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी ड्रेसाजसाठी उतरले. वेगापेक्षा नेमकेपणाला मान देणारी ही विद्या आपल्या वयाला शोभणारी आहे, असे मला त्यांच्यामुळे वाटू लागले, आणि मी भरधाव दौडीचा ध्यास सोडून नीट वर्तुळ, नीट थांबा आणि सरळ रेष यांवर मन लावले.

आता रेवा आणि मी कुंपणातल्या मैदानात चाल, दुडकी आणि छोटी दौड करतो. कुंपणाबाहेर आम्ही केवळ चालीने जातो, तेही एखादा जाणता घोडा सोबत असेल तरच. पावसाळ्यात मालव्याची काळी माती निसरडी झाली की दौड बंद असते. रंगपंचमीच्या सुमारास आसपासच्या गावांतून ढोल वाजू लागतात, तेव्हा मी तिच्यावर बसत नाही. दोरी धरून तिच्या खांद्याशी उभी राहते आणि तिचे कान कुठे वळतात ते पाहत दोघींचे काम चालू ठेवते.