मोरी बसण्यापूर्वी

भाची अमेरिकेहून आली, तेव्हा तिच्या बॅगेतून माझ्यासाठी बदाम-पिस्त्यांऐवजी करड्या कापडी बांधणीचे एक आडवे पुस्तक निघाले. "मामा, तुमच्याच कामाचं आहे," असे म्हणून तिने ते माझ्या हाती ठेवले. पाटबंधारे खात्यात 31 वर्षे काढलेल्या माणसाने ते उघडले, तर आत खरोखरच सिमेंट काँक्रीटची मोठमोठी खोकी होती. वाळलेल्या गवताच्या माळावर ओळीने मांडलेली, आतून रिकामी आणि आरपार आभाळ दाखवणारी. ते एका छायाचित्रकाराने स्वतः रचून थोड्याच प्रती काढलेले पुस्तक होते. पाने उलटत गेलो, पण ना मजकूर, ना माणूस. मध्येच एखादे पान कोरे सोडलेले. छपाईतली चूक असावी असे मला वाटले, पण ती जागा मुद्दाम सोडलेली आहे, असे भाचीने मला सांगितले.

ही खोकी डोनाल्ड जड या शिल्पकाराची. टेक्सासमधल्या मार्फा नावाच्या लहानशा गावाबाहेर, लष्कराच्या जुन्या छावणीच्या जागेवर, 1980 ते 1984 या काळात त्याने ती उभी केली. शिल्पे 15, आणि त्यांची रांग सुमारे एक किलोमीटर लांब. प्रत्येक खोके अडीच मीटर रुंद, अडीच मीटर उंच आणि पाच मीटर लांब. काँक्रीटची जाडी 25 सेंटीमीटर. माप सगळ्यांचे एकच. कोणती बाजू मोकळी ठेवायची आणि खोकी एकमेकांशी कशी मांडायची, एवढ्यावरच सारा खेळ. शिल्प ज्या जागेसाठी घडले, तिथेच ते कायम राहावे, असा जडचा आग्रह होता. त्यामुळे ते परभणीला यायचे, तर पुस्तकातूनच.

खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी मी फक्त कडा पाहिल्या. काँक्रीटच्या माणसाची नजर आधी कडेवरच जाते. सेंटरिंगच्या फळ्या नीट बसल्या होत्या का, व्हायब्रेटर पुरेसा फिरला का, पाणी किती दिवस मारले. दुसऱ्या दिवशी सावल्या दिसू लागल्या. एकच खोके पाठोपाठच्या चार पानांवर होते. सकाळी त्याची सावली गवतावर दूरवर पसरलेली, दुपारी ती आत ओढली जाऊन तळाशी काळ्या पट्टीएवढी उरलेली, आणि संध्याकाळी आतल्या भिंतीवर उन्हाचा एक तिरपा तुकडा. शिल्प जागचे हललेले नाही आणि तरी चारही पानांवर निराळे आहे, हे प्रत्यक्ष जाऊन पाहायचे तर दिवसभर उन्हात उभे राहावे लागेल. पुस्तकाने ते काम मला खुर्चीत बसवून करून दिले.

मग आठवले ते पाथरी रस्त्याच्या कडेला पडलेले खोके. मोरीचे. (घरातली मोरी नव्हे, ओढ्याचे पाणी रस्त्याखालून पलीकडे जाते, ती.) तयार ओतून आणलेली अशी सात खोकी तिथे काही महिने ओळीने पडून होती, आणि प्रत्येकावर गेरूच्या रंगात आकडा घातलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल घेऊन मी तिथे गेलो, तर तीन नंबरच्या खोक्यात कापूस वेचणाऱ्या चार बाया भाकरी सोडून बसल्या होत्या आणि पाच नंबरमध्ये शेळ्या होत्या. फोटोसाठी त्यांना उठवणे जिवावर आले. मी अजून खात्यातच आहे असे समजून त्यांच्यातली वयस्कर बाई म्हणाली, "साहेब, एवढी वेचणी होईस्तोर राहू द्या, सावलीला बरंय."

पुस्तकातल्या त्या निर्जन फोटोंबद्दल माझी तक्रार तिथेच सुरू झाली. अडीच मीटर म्हणजे किती, हे त्या फोटोंवरून कळत नाही. इथे बसलेल्या बाईच्या डोक्यावर हातभर जागा उरली की माप आपोआप कळते. पण शेळ्या आत शिरल्यावर मी त्या भिंतीवरचे ऊन पाहिले असते का, याची मला खात्री नाही. मोरीच्या खोक्याला काम लागले की ते मातीखाली जाते, वरून डांबर पडते आणि मग वर्षानुवर्षे ते कोणाला दिसत नाही. चांगल्या मोरीची ओळखच अशी, की पूर येईपर्यंत ती कोणाला आठवू नये. जडच्या खोक्यांना कुठलेच काम लागायचे नव्हते, म्हणून ती माळावर राहिली. आमची काही महिने तशी होती, आणि माझ्या 31 वर्षांत असे बिनकामाचे महिने मी फक्त दिरंगाई म्हणून नोंदवहीत लिहिले.

भाची परत जाण्याच्या आधी तिला ती खोकी दाखवावीत म्हणून आम्ही निघालो, तोवर क्रेन येऊन गेली होती. भराव ताजा होता. रस्त्याच्या कडेला, हिरव्या गवतात, फिक्या पिवळ्या रंगाचे सात चौकोन उमटलेले होते, आणि तिसऱ्यात चूल मांडलेले तीन दगड. भाचीने एकेक करून सातही चौकोनांचे फोटो घेतले.