दिवे घाटातला तवक्कुल

भवानी पेठेत आमचं शिलाईचं दुकान आहे. माउलींची पालखी पालखी विठोबाला मुक्कामी येते आणि तुकोबांची जवळच नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला. त्या दोन दिवसांत आमच्या गल्लीत वारकरीच वारकरी. नेमका तोच शाळा उघडायचा महिना. गणवेशाचे गठ्ठे छताला लागलेले असायचे आणि अब्बा मशीन बाहेर काढून वारकऱ्यांच्या पिशव्यांचे बंद शिवत बसायचे. फुकट. अम्मी चिडायची. "रिझ्क, रोजीरोटी, देणारा तो आहे," एवढंच अब्बा म्हणायचे. पुढच्या चार रात्री मात्र दोन-दोन वाजेपर्यंत मशीनचा आवाज यायचा. कुणाच्या पोराचा गणवेश राहिला, असं कधी झालं नाही.

२०२३ साली मी पहिल्यांदा पुणे ते सासवड चाललो. अब्बांना जाऊन वर्ष झालं होतं. शेजारचे काका दरसाल दिंडीत जातात, ते म्हणाले, "चला की या साली." त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती, २९ जूनला.

१४ जूनला पहाटे निघालो. पुलगेट, फातिमानगर, हडपसर. पाऊस लांबलेला, ऊन मे महिन्यासारखं. वडकीला जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजची वेळ झाली. टँकरच्या नळावर एका वारकऱ्यानं रांगेतला आपला नंबर मला दिला, मी वजू केलं, नमाजआधी हात-पाय-तोंड धुतात ते. दुसऱ्यानं पाठीवरचा प्लास्टिकचा कागद काढून अंथरला. प्रवासात नमाज कमी पढायची सवलत असते, पण तीस-बत्तीस किलोमीटरला ती लागत नाही, म्हणून फर्जच्या, म्हणजे सक्तीच्या नमाजच्या, चारही रकात (आवर्तनं) पढलो. हेही सांगतो, पादुकांपुढे मी डोकं टेकवलं नाही. सजदा, म्हणजे माथा टेकणं, एकालाच. मला कुणी काही विचारलं नाही. नमाज संपवून, सलाम फेरून उठलो तर समोर पिठलं-भाकरी.

दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या. माझ्या पुढे परभणीकडची एक आजी होती, डोक्यावर तुळस. मी विचारलं, "आजी, पेरणी झाली का?"

"कशाची पेरणी, माउली? पाऊस हाय कुठं? रान तयार हाय, बी आणून ठिवलंय, लेकाला सांगून आले. आता तो बघंल."

तो म्हणजे लेक की विठोबा, मी विचारलं नाही.

चढ संपेपर्यंत इब्राहीमांची बायको हाजरा डोक्यातून गेली नाही. इब्राहीम अलैहिस्सलाम तिला आणि तान्ह्या इस्माईलला मक्केच्या उजाड खोऱ्यात ठेवून निघाले. जवळ खजुराची पिशवी आणि पाण्याची पखाल, बस. ती मागे जात विचारत राहिली, ते बोलेनात. शेवटी तिनं विचारलं, "हा अल्लाहचा हुकूम आहे का?" ते "हो" म्हणाले. "मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही," म्हणून ती मागे फिरली. पण पाणी संपल्यावर ती हातावर हात ठेवून बसली नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा घातल्या. झमझमचा झरा फुटला तो खाली, बाळापाशी. तरी हाजी आजही सात खेपा घालतात, त्या तिच्याच. आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, असं पैगंबरांनी सांगितलं आहे. तवक्कुल म्हणतात तो हाच. आजीनं बी आणून ठेवलं होतं.

कुर्बानी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सुरी येते. शब्दाचं मूळ मात्र 'कुर्ब', म्हणजे जवळीक. इब्राहीमनी मुलाला ओढत नेलं नव्हतं. त्याची कुर्बानी देत असल्याचं स्वप्न सांगितलं आणि विचारलं, तुला काय वाटतं? मुलगा म्हणाला, अब्बा, हुकूम झालाय ते करा. दोघांनी मान तुकवली, तिथेच हाक आली की स्वप्न खरं करून दाखवलंस. रक्तमांस अल्लाहपर्यंत पोचत नाही, तुमची परहेजगारी, म्हणजे अल्लाहचा धाक ठेवून वागणं, पोचते, असं कुरआनच्या बाविसाव्या सूरेत स्पष्ट आहे. अब्बा ऐन हंगामात दोन दिवसांच्या कमाईवर पाणी सोडायचे, ते मला आता कळतं.

त्या ईदला पंढरपुरात आणि आणखी कितीतरी गावांत मुसलमानांनी एकादशीला कुर्बानी न करता पुढे ढकलली. शरियतमध्ये त्याला तीन दिवसांची मुभा आहेच. आम्हीही दुसऱ्या दिवशी केली. मांसाचे तीन वाटे, एक घरचा, एक नात्यागोत्याचा, एक गरिबांचा.

सासवडला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पाय सुजून चपलेत मावेनात. तंबूबाहेर तीच आजी बसली होती, तिच्या पिशवीचा बंद घाटातच तुटला होता, गाठ मारून आणली होती. माझ्या खिशात अब्बांची सुई-दोऱ्याची पत्र्याची डबी होती. बॅटरी काकांनी धरली. गाठ सोडली, बंद मुडपून घेतला आणि अब्बा घालायचे तशी दुहेरी टीप घातली. आजीनं बंद दोनदा ओढून पाहिला.

"किती झालं?" तिनं विचारलं आणि कमरेची चंची सोडायला लागली.